मैना मढवीचे निर्बंध

तळवली गावात एम.ए. झालेली पहिली मुलगी म्हणजे रोहिदास मढवीची मैना, आणि हे ती कुणाला विसरू देत नसे. रविवारी सकाळी ठाणे-बेलापूर रस्त्यावर बसची वाट बघत उभी राहिली, की नाक्यावरच्या पानवाल्यापासून कंपनीच्या वॉचमनपर्यंत सगळे म्हणायचे, चालली बघ रोहिदासची पोरगी, जगाचा कारभार बघायला. म्हणायचे थट्टेनं, पण मैनाला त्यात थट्टा ऐकूच यायची नाही. ती खरोखरच जगाचा कारभार बघायला निघालेली असायची.

तो कारभार चालायचा जुईनगरला, एका सोसायटीच्या तळमजल्यावरच्या ऑफिसात. सेक्रेटरी श्यामसुंदर काकांनी रविवारी दहा ते एक अशी ती खोली दिली होती, पंखा लावायचा नाही आणि चपला बाहेर, या अटींवर. दारावर पुठ्ठ्याची पाटी: आंतरराष्ट्रीय अभ्यास व संशोधन विद्यार्थी मंडळ. एवढं लांबलचक नाव कोण घेणार? सगळे त्याला देशांचं मंडळ म्हणायचे. कारण मंडळात शिरलं की पहिल्या दिवशी चिठ्ठी उचलायची आणि चिठ्ठीत निघेल तो देश वर्षभर आपला. त्या देशाच्या वकिलातीला पत्र लिहून फुकटची पुस्तकं मागवायची, रेडिओवर त्याच्या बातम्या ऐकायच्या, कात्रणं चिकटवायची, आणि रविवारी त्या देशाच्या तोंडून बोलायचं. आशुतोष फ्रान्स होता. प्रसाद घाना. क्षिप्राला कोरिया मिळाला होता, तोही उत्तरेकडचा, त्यामुळे बिचारीला पुस्तकं यायचीच नाहीत. वैदेही नॉर्वे होती आणि तिच्याकडे नॉर्वेच्या रंगीत पोस्टरांचा एवढा ढीग झाला होता, की तिच्या आईनं त्यांची कव्हरं करून धाकट्याच्या वह्यांना घातली.

मैना कुठलाच देश नव्हती. ती अध्यक्ष होती. मंडळ तिनं काढलेलं, नियम तिनं लिहिलेले, नकाशा तिनं स्वतःच्या पैशानं आणलेला. वय चोवीस, इतरांपेक्षा चारपाच वर्षांनी मोठी, म्हणून सगळे ताई म्हणायचे. फ्लॅटमधल्या त्या पोरांत ती एकटीच गावातली. पोरांना त्याचं काही नव्हतं, म्हणजे तोंडावर तरी नव्हतं. वैदेहीची आई जयमालाबाई मात्र मैना घरी आली की हमखास विचारायच्या, काय गं, तुमच्याकडे ताजी कोळंबी मिळते ना? आमच्या मार्केटमधली मेली बर्फातली असते. मैना हसून म्हणायची, बाबांना सांगते. आणि बाबांना कधीच सांगायची नाही. मान ताठ ठेवायची सवयच तिला. पुढं सगळं जे झालं त्यात या मानेचा हात मोठा होता.

आता निर्बंधांचं सांगतो. शहाण्णव-सत्त्याण्णवचा काळ. पेपरात इराकवरच्या निर्बंधांच्या बातम्या यायच्या. मंडळात त्यावर दोन रविवार चर्चा झाली. फ्रान्स बोलला, घाना बोलला, नॉर्वेनं तर डोळ्यांत पाणी आणलं. मैना ऐकत होती आणि तिच्या कपाळाला आठी पडत होती. शेवटी म्हणाली, "तुम्ही सगळे जेवून आलायत आणि भुकेवर बोलताय. निर्बंध म्हणजे काय ते वाचून नाही कळणार. आपण करून बघू."

झालं. पुढच्या रविवारी नियम तयार. न सांगता दोन बैठकी चुकवणाऱ्या सभासदावर एक महिना निर्बंध. त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, ना मंडळात, ना कॉलेजात, ना रस्त्यात. निरोप नाही, नोट्स नाहीत, साधी ओळखही दाखवायची नाही. त्यानं बैठकीला यायचं, कोपऱ्यात बसायचं, ऐकायचं, जायचं. सूट फक्त दोनच गोष्टींना, औषधाला आणि मरणाच्या निरोपाला. बाकी काही सांगायचं असेल तर तिघांच्या समितीपुढं ठेवायचं, आणि समितीनं एकमतानं हो म्हटलं तरच सांगायचं. एकानं जरी मान डोलावली नाही तरी नाही. समिती रविवारीच बसणार. आशुतोष, प्रसाद, क्षिप्रा, असे तिघे तिनंच नेमले. पोरांना एवढी मजा वाटली, की टाळ्या वाजल्या. अभ्यासाच्या नावाखाली कुणाशी तरी अबोला धरायला मिळणार म्हटल्यावर वीस वर्षांच्या पोरांना दुसरं काय हवं?

पहिला निर्बंध नेमका समितीतल्या क्षिप्रावर आला. तिच्या बहिणीचं बाळंतपण होतं, दोन रविवार दवाखान्यात गेले आणि कळवायचं राहिलं. क्षिप्रा आधी हसली. चार दिवसांनी हसेनाशी झाली. त्यातच कॉलेजात ट्यूटोरियलची परीक्षा शुक्रवारची बुधवारवर आली. बोर्डावर नोटीस लागली तेव्हा क्षिप्रा बहिणीकडं होती. वर्गात मंडळाचे चौघे होते आणि चौघांनाही माहीत होतं. प्रसादला राहवेना. त्यानं मैनाला गाठून विचारलं, "ताई, सांगू का तिला? तिच्याऐवजी समितीवर तू बस आणि हो म्हण."

"परीक्षा म्हणजे औषध आहे का?" मैनानं विचारलं.

"नाही, पण..."

"मग पण नाही."

क्षिप्राचा पेपर बुडाला. महिना संपल्यावर ती मैनासमोर उभी राहून रडली, अगदी हुंदके देऊन. मैनानं तिला पाण्याचा ग्लास दिला आणि म्हणाली, "तिकडं इराकात पोरांच्या पेन्सिलीसुद्धा समितीपुढं अडकून पडतात, मी वाचलंय. तुझं एक ट्यूटोरियल गेलं. आता तू निर्बंधांवर निबंध लिही, या सगळ्यांत चांगला तुझाच होईल."

काय म्हणावं या बाईला? मनानं दुष्ट होती असं नाही. क्षिप्राच्या बहिणीच्या बाळाला तिनं स्वतः विणलेलं टोपडं पाठवलं होतं. पण नियम म्हटला की तिच्या अंगात काहीतरी शिरायचं. तिच्या आजोबांची खाडीकाठच्या खाजणातली जमीन नव्या शहरासाठी गेली तेव्हा गावच्या लोकांना तिनं ऑफिसाऑफिसात हात जोडताना पाहिलं होतं, आणि प्रत्येक टेबलावर कुणाच्या तरी ओळखीचा माणूस आधी आत जाताना पाहिलं होतं. तेव्हापासून तिला ओळखीपाळखीचा, सवलतीचा, जाऊ दे ना यारचा संताप होता. नियम सगळ्यांना सारखा, एवढी एकच गोष्ट तिनं जगात पवित्र मानली. क्षिप्रानं निबंध लिहिला नाही. ती मंडळात येत राहिली, समितीवरही राहिली, फक्त बोलायची कमी झाली.

आता या सगळ्यात मैनाचा जीव कशात अडकला होता ते ऐका. तिला बाहेर जायचं होतं. फोर्टातल्या एका जुन्या ट्रस्टची परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती होती, समुद्राच्या कायद्यावर दोन वर्षं संशोधन करायला. तिनं प्रस्ताव लिहिला होता तो खाडीवर. जगानं दूरच्या समुद्राच्या हद्दी नीट आखल्या, पण किनाऱ्याच्या आतल्या खाडीत जाळं टाकणाऱ्याचा हक्क कुठं लिहिला आहे, असा तिचा प्रश्न. रोहिदास अजूनही होडी घेऊन खाडीत जायचा आणि दरवेळी कमी मासळी घेऊन परत यायचा. तिनं बापाच्या शेजारी बसून, जाळ्यांची नावं, भरती-ओहोटीच्या वेळा, कोण कुठं जाळं मारतो, कुणाची कुठली जागा, असं सगळं वर्षभर लिहून घेतलं होतं. एम.ए.च्या तिच्या सरांनी तो प्रस्ताव वाचून चष्मा काढून ठेवला होता आणि म्हटलं होतं, हे तूच करू शकतेस.

घरी मात्र वेगळंच चाललं होतं. आई गोजराचा धोशा एकच, पोरगी पंचविशीला आली. रोहिदास मऊ माणूस, पण बायकोपुढं आणि भावांपुढं त्याचं काही चालेना. शेवटी त्यानं मैनाला ओट्यावर बसवून सांगितलं, "दिवालीपर्यंत तुजा काय तो निकाल लागू दे. लागला तं जा, मी कुनाचा आयकाचा नाय. नाय लागला तं मंग आमचा आयकाचा."

"चालेल," मैना म्हणाली. तिला खात्री होती.

अर्ज भरताना एक अडचण आली. अर्जात फोन नंबर हवा होता. मढवींच्या घरी फोन नव्हता. नाक्यावर पोपटचा एसटीडी-पीसीओ होता. गावातल्या निम्म्या लोकांचे फोन तिथंच यायचे. पोपट दुकान उघडं टाकून चपला न घालता धावत यायचा आणि दारातनंच ओरडायचा, फोन हाय, चल लवकर. पण अर्जावर पीसीओचा नंबर? तो बोलणार कसा, "हॅलो, पोपट बोलतो"? मैनाला ते कसंतरीच वाटलं. तिनं मंडळाचा नंबर घातला, म्हणजे वैदेहीच्या घरचा, जुईनगरचा. फोर्टातल्या लोकांना फोनवर शुद्ध भाषा ऐकू यावी, हा विचार. विचार वाईट नव्हता, पण त्या एका नंबरानं तिचं वाटोळं केलं.

सप्टेंबरात ट्रस्टचं पत्र आलं, तुमचं नाव प्रतीक्षा यादीत आहे, जागा झाल्यास कळवू. मैनानं ते मंडळात वाचून दाखवलं. सगळ्यांना ठाऊक होतं, की ताईचा जीव फोनकडं लागलाय.

त्याच सुमारास गोजरानं उरणकडचं एक स्थळ आणलं. दिवाळी अजून लांब होती, पण बघायला काय हरकत? एका रविवारी मुलाच्या घरच्या बायका आल्या. पुढच्या रविवारी काका आणि मामा आले. मैना दोन्ही वेळा नवी साडी नेसून चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली आणि खाली मान घालून बसली. आंतरराष्ट्रीय मंडळाची अध्यक्ष ट्रे घेऊन बसली होती हे ती जुईनगरला कुठल्या तोंडानं सांगणार? तिनं कळवलंच नाही.

तिसऱ्या रविवारी ती गेली तेव्हा खोलीत कुजबूज चाललेली. आशुतोष म्हणाला, "जाऊ दे ना ताई, तुझं काहीतरी काम असेल."

"कारण विचारू नका, मी सांगणार नाही," मैना म्हणाली. "दोन बैठकी चुकल्या. कळवलं नाही. पुढं काय असतं?"

प्रसादनं खाली बघत म्हटलं, "ताई, तू अध्यक्ष आहेस. तुझ्यावर कसा..."

"अध्यक्षावर तर आधी. क्षिप्रावर लावला तेव्हा मी काय म्हटलं होतं? आजपासून महिना. खुर्चीवर आशुतोष बसेल."

आणि ती उठून कोपऱ्यात जाऊन बसली. खरं सांगायचं तर तिला त्या क्षणी फार बरं वाटलं. पाहुण्यांसमोर खाली घातलेली मान पुन्हा वर आली असं वाटलं. पोरंही भारावून गेली. ताई म्हणजे ताई, असं वैदेहीनं घरी जाऊन आईला सांगितलं. जयमालाबाई म्हणाल्या, "महिनाभर येणार नाही का मग? मी कोळंबीचं सांगणार होते."

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, मंगळवारी दुपारी, वैदेहीच्या घरचा फोन वाजला. फोर्टातनं. एका उमेदवारानं माघार घेतलीय, जागा झालीय. बाहेरचे प्राध्यापक शनिवारी परत जाणार, म्हणून मुलाखत शुक्रवारी सकाळी अकराला. पत्राला वेळ नाही. मिस मढवींनी गुरुवार संध्याकाळपर्यंत फोन करून येतेय म्हणून सांगावं, नाहीतर पुढच्या नावाला बोलवावं लागेल. वैदेही म्हणाली, "हो, निरोप देते."

फोन ठेवला आणि तिला निर्बंध आठवला. सांगायचं कसं? तिनं प्रसादला फोन केला. प्रसाद म्हणाला, "वेडी आहेस का? आत्ता रिक्षा कर आणि तळवलीला जा." मग म्हणाला, "आशुला विचार एकदा." आशुतोषला फोन गेला. आशुतोष कायद्याच्या पहिल्या वर्षाला होता आणि त्याला ते चढलेलं होतं. तो म्हणाला, "मुलाखत म्हणजे औषध नाही. समितीत यायला हवं. माझी हरकत नाही, पण एकमत लागतं. क्षिप्राला विचार."

वैदेहीनं क्षिप्राला फोन केला. सगळं सांगितलं.

"हॅलो? तुझं हो आहे ना?"

"मला काही म्हणायचं नाही," क्षिप्रा म्हणाली.

"नाही म्हणतेयस का?"

"नाही पण नाही म्हणत. समिती रविवारी बसते ना? रविवारी बोलू." आणि तिनं फोन ठेवला.

मूग गिळून बसण्याइतकी सोयीची गोष्ट जगात दुसरी नाही. हात स्वच्छ राहतात. क्षिप्रानं काही केलं असं कुणी म्हणू शकलं नसतं. आशुतोषनं हरकत नाही म्हटलंच होतं. प्रसादनं तर रिक्षा करायला सांगितलं होतं, फक्त रिक्षात तो स्वतः बसला नाही. चौघांपैकी एकानं, अरे, एकानं जरी बस पकडली असती तरी काम झालं असतं. जुईनगर ते तळवली म्हणजे काही परदेश नव्हे.

तरी वैदेहीनं एकदा प्रयत्न केला, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. गुरुवारी सकाळी वाशीच्या डेपोत तिला समोरून मैना येताना दिसली. हातात लायब्ररीची पुस्तकं, खांद्याला पिशवी. ती गर्दीतून वाट काढत पुढं गेली आणि म्हणाली, "ताई, एक..."

मैनानं हात वर केला. तळवा वैदेहीच्या तोंडासमोर. चेहरा कडक, पण डोळ्यांत कौतुक, की पोरगी मोहाला बळी पडतेय आणि आपण तिला सावरतोय. मान ठामपणे दोनदा हलवली आणि ती वळून पलीकडच्या बसकडं चालती झाली.

वैदेही तिथंच उभी राहिली. धावत जाऊन ओरडता आलं असतं. पण तिला आता थोडा रागच आला होता. आपण सांगायला गेलो आणि हिनं हात दाखवला, मग आपलं काय चुकलं? असं म्हटलं की माणूस किती हलका होतो. ती कॉलेजला गेली. दोन लेक्चरं बसली. संध्याकाळी कॅन्टीनमध्ये समोसा खाल्ला.

मैना मात्र बसमध्ये खिडकीशी बसून मनात खूष होती. तीन दिवसांनी निर्बंध उठेल, तेव्हा डेपोतला हा प्रसंग मंडळात सांगायचा, असं तिनं ठरवलं. निर्बंध पाळणाऱ्यालाही कसा त्रास होतो, यावर बोलायचं. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता ती घराच्या मागच्या दारी बसून आईबरोबर सुकट निवडत होती.

रविवारी मंडळात सगळे वेळेवर हजर. मैना कोपऱ्यात. आशुतोष खुर्चीवरून उठून उभा राहिला, घसा साफ केला आणि वाचलं, की अध्यक्षांवरचा निर्बंध आज संपला. टाळ्या. मग तो म्हणाला, "आज बैठकीआधी समिती बसली होती. एक निरोप द्यायला समितीनं एकमतानं सूट दिलेली आहे." क्षिप्रा खिडकीबाहेर बघत होती. वैदेहीचे डोळे सुजलेले. आशुतोषनं कागदाकडं बघत सांगितलं, फोर्टातनं फोन आला होता, जागा झालीय, मुलाखतीला बोलावलंय.

मैनाचा चेहरा असा फुलला, की प्रसादला तिथून उठून पळून जावंसं वाटलं.

"कधी आहे?" तिनं उठून उभं राहत विचारलं.

आशुतोषनं कागदाची घडी घातली.

"अरे, कधी?"

"परवा होती," वैदेही म्हणाली. "म्हणजे शुक्रवारी. ताई, मी डेपोत सांगायला आले होते. तू हात केलास."

मैना उभी होती ती खाली बसली. मग आशुतोष बोलायला लागला, या निमित्तानं नियमात दुरुस्ती करता येईल, मुलाखत आणि परीक्षा या गोष्टी सूट मिळणाऱ्या गोष्टींच्या यादीत घालता येतील. गाढव कुठला. पण त्याला भीती वाटत होती, आणि भ्यालेला माणूस ठराव मांडतो. शेवटी क्षिप्रा खिडकीकडनं वळली आणि म्हणाली, "ताई, आम्ही नियम मोडायला हवा होता का?"

सगळे मैनाकडं बघायला लागले. तिनं हो म्हटलं असतं तर त्यांना ओरडून घेता आलं असतं, रडता आलं असतं, माफी मागता आली असती. पण हो म्हणायचं म्हणजे क्षिप्राच्या त्या बुडालेल्या पेपराचं काय म्हणायचं? तिला ओरडायचं होतं. या चौघांना एकेक करून हाताला धरून बाहेर काढावं, एवढा संताप तिला आला होता, आणि त्याच्या खालोखाल स्वतःची लाज.

"नाही," ती म्हणाली. "बरोबर केलंत."

आणि त्यांनी ते घेतलं. हीच त्यांची सर्वांत मोठी क्रूरता. क्षिप्रानं मान डोलावली, आशुतोषनं हुश्श केलं, आणि पाच मिनिटांत घाना कर्जमाफीवर बोलायला उभा राहिला.

सोमवारी मैना फोर्टात गेली. ट्रस्टच्या बाईंनी तिचं ऐकून घेतलं, त्यांना वाईटही वाटलं. म्हणाल्या, "आम्ही गुरुवारी सहापर्यंत थांबलो. प्राध्यापक गेले. तुमचाच प्रस्ताव त्यांना आवडला होता, म्हणून तर मी स्वतः फोन केला. फोनवर मुलगी म्हणाली, निरोप देते." मैनानं विचारलं, पुढच्या वर्षी? त्या म्हणाल्या, पुढच्या वर्षी परत अर्ज करा, फक्त पंचवीस पूर्ण झालेली नसावीत, तुमचं काय? मैनानं पिशवी खांद्याला लावली. पुढच्या जूनमध्ये तिला सव्विसावं लागणार होतं.

घरी तिनं आईबापाला सांगितलं तेव्हा रोहिदास जाळं विणत बसला होता. त्याचा हात थांबला.

"पोपटचा नंबर कला नाय दिला?" त्यानं विचारलं.

मैना खाली पडलेली दोऱ्याची गुंडी उचलू लागली.

"तो धावत आला असता," रोहिदास म्हणाला, आणि पुन्हा जाळ्यावर वाकला.

गोजरा मात्र बोलली. "बेस झाला. देवानंच केला. लांब देशान जाऊन काय करनार होती?" तिनं त्याच संध्याकाळी उरणला निरोप धाडला. निरोप पोपटच्या पीसीओवरून गेला आणि लगेच पोचला. मैनानं शब्द दिला होता. शब्द म्हणजे नियमच. ती रडली ती न्हाणीत, बादलीत नळ सोडून.

लग्न माघात झालं. मुलगा प्रितेश, उरणकडं एका कंपनीत ऑपरेटर, शांत आणि हसरा. त्याच्यात काही खोट नव्हती, आणि मैनाला त्याचाही राग येत होता, कारण खोट असती तर रागवायला जागा मिळाली असती. गावात मोठा मांडव पडला. धवलारणी बायका पहाटेपासून लग्नाची गाणी म्हणत होत्या, घसे बसले तरी थांबत नव्हत्या. सगळी तळवली जेवायला होती.

मंडळही आलं. आशुतोष, प्रसाद, क्षिप्रा, वैदेही, आणि नवीन तीनचार पोरं. मैनानंतर मंडळ वैदेही चालवत होती. ती म्हणे फार छान चालवते, सभासद वाढलेत, श्यामसुंदर काकांनी पंखा लावायलाही परवानगी दिली. निर्बंधाचा नियम तसाच ठेवलाय, ताईची आठवण म्हणून. त्यांनी सगळ्यांनी मिळून टेबलावर ठेवायचा पृथ्वीचा गोल आणला होता, रंगीत कागदात गुंडाळून. स्टेजवर फोटो निघाला. बाकीचे खाली उतरले, पण वैदेही मागं रेंगाळली. मैनाच्या शेजारी वाकून हळूच म्हणाली, "ताई, एक विचारायचं होतं. रागावणार नाहीस ना?"

"बोल."

"मी त्या ट्रस्टला अर्ज करतेय यंदा. माझं अजून वय बसतं. तुझा तो खाडीचा प्रस्ताव... म्हणजे जाळ्यांची नावं, त्या वेळा वगैरे, ते सगळं तू लिहून ठेवलंयस ना? तुला तर आता ते काही लागणार नाही. मी तळटीपेत तुझं नाव घालीन."

मैनानं तिच्याकडं पाहिलं. वैदेही गोरी, गोड, खरोखरच मनापासून विचारत होती. तिला यात काही वावगं दिसतच नव्हतं. मंडळाचं संशोधन मंडळातच राहील, असंच तिला वाटत असावं. मांडवाच्या दुसऱ्या टोकाला जयमालाबाई गोजराला कोळंबीची भाजी कशी केली ते विचारत होत्या. मैनाला वाटलं, गळ्यातल्या हारासकट उठावं आणि या मुलीच्या तोंडात एक ठेवून द्यावी. हात हळदीनं पिवळा होता आणि बांगड्यांनी कोपरापर्यंत भरलेला होता.

"माळ्यावर पत्र्याची पेटी आहे," मैना म्हणाली. "आईकडनं मागून घे."

"थँक्यू, ताई. खरंच." वैदेहीनं तिचा हात दाबला आणि निघाली.

"वैदेही."

ती थांबली.

"अर्जावर फोन नंबर कुणाचा घालणार?"

वैदेहीला प्रश्न कळला नाही. ती जरा गोंधळून हसली. "आमचाच की, घरचा."

"बरं," मैना म्हणाली. मागं उरणची माणसं आहेराची पाकिटं घेऊन रांगेत ताटकळली होती, आणि प्रितेशनं तिला हलकेच कोपरानं खुणावलं, की मामा आलेत, पाया पडायचंय.